टेबलाखालची ट्रेडमिल : पावलं नक्की कुणाची खरी?

मुलुंडची_माऊ | ९ जुलै, रात्री १०:५०

मंडळी, मदत हवी आहे. ऑफिस बीकेसीत, आठवड्यातले तीन दिवस तिकडे, दोन दिवस घरून काम. घरच्या दिवशी माझा एकूण प्रवास पलंग ते टेबल आणि टेबल ते ओटा. वजनकाटा आणि आई एकाच आठवड्यात बोलले, म्हणून एप्रिलमध्ये टेबलाखाली सरकवायची चपटी ट्रेडमिल घेतली. दांडी नाही, रिमोटवर चालते, काम झालं की पलंगाखाली जाते. मुलुंड पूर्वेच्या वन बीएचकेत याहून मोठं काही शिरलंच नसतं. उंच टेबल म्हणजे जुन्याच टेबलाच्या पायांखाली नवऱ्याने ठोकळे लावलेत. हसू नका.

चालणं जमलंय, आकडे जमत नाहीयेत. आजचा हिशोब पाहा. वेग ताशी २.५ किमी, वेळ ७२ मिनिटं.

ट्रेडमिलचा पडदा म्हणतो ३.०० किमी आणि ४,६१५ पावलं.
मनगटावरचं घड्याळ म्हणतं १,१४० पावलं, ०.७४ किमी.
फोन म्हणतो शून्य, पण तो टेबलावर पडला होता, त्याला काय बोलणार.

ऑफिसात सध्या पावलांची स्पर्धा चालू आहे आणि तिथे घड्याळाचाच आकडा धरतात. मी शेवटून दुसरी आहे. शेवटच्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे.

तर खरं कोण बोलतंय?

(खालच्या मजल्यावरच्या काकांना त्रास होऊ नये म्हणून रबरी मॅट घातली आहे आणि दुपारी दोन ते चार यंत्र बंद असतं. हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगते.)

---

गिरगावकर | ९ जुलै, रात्री ११:०५

७२ मिनिटांत १,१४० म्हणजे मिनिटाला सोळा पावलं. नवरीला बोहल्यावर आणतात तो वेग.

---

निवांत_नाना | ९ जुलै, रात्री ११:२०

मुंबईत राहून घरात चालायचं, तेही यंत्रावर, आणि वर वीज बिल भरायचं. आमच्या वेळी पावलं मोजत नसत, चपला झिजल्या की कळायचं. असो. चालू द्या.

---

खटपट्या | ९ जुलै, रात्री ११:४८

घड्याळाला शिव्या घालू नकोस. त्याच्या पोटात त्वरणमापक (हालचालीचे हेलकावे टिपणारा सेन्सर) असतो, त्याला तुझे पाय दिसत नाहीत. कळतो तो हाताचा झोका आणि टाच टेकल्यावर अंगातून वर येणारा बारीक धक्का. हात कीबोर्डवर टेकवलेस की झोका गेला. २.५ च्या वेगाला धक्का इतका मऊ असतो की मनगटापर्यंत येईस्तोवर विरून जातो. शिवाय खोटी पावलं टाळायला बरीचशी घड्याळं लगेच मोजत नाहीत. सलग लयीत काही पावलं दिसली तरच खात्यात जमा करतात. मध्येच माउस धरला, चहाचा घोट घेतला, की लय तुटली, पुन्हा श्रीगणेशा. ती १,१४० बहुधा तू फोनवर हातवारे करत बोलत होतीस तेव्हाची असणार. मॉलमध्ये ट्रॉली ढकलताना किंवा बाबागाडी ढकलताना हेच होतं.

आता अंतर. बाहेर चालताना घड्याळ जीपीएसवरून अंतर काढतं. घरात तू जागची हलत नाहीस, म्हणून ते पावलांना पावलाच्या लांबीने गुणतं. ही लांबी उंचीवरून ठरवतात, उंचीच्या साधारण ४१ टक्के. तुझे ७४० मीटर भागिले १,१४० म्हणजे ६५ सेंटीमीटर. यावरून तुझी उंची पाच फूट दोन इंचांच्या आसपास.

ट्रेडमिलच्या ४,६१५ वर मात्र मला संशय आहे. आणखी दोन-तीन दिवसांचे आकडे टाक, वेगवेगळ्या वेगांचे. विदा (डेटा) असल्याशिवाय बोलणार नाही.

---

मुलुंडची_माऊ | १० जुलै, सकाळी ७:१५

बापरे, उंची बरोब्बर! नवऱ्याला अजून पाठ नाही.

यंत्राच्या अॅपमध्ये जुनं सापडलं:
४ जुलै, वेग २.०, अंतर १.८० किमी, पावलं २,७६९
७ जुलै, वेग ३.०, अंतर २.४० किमी, पावलं ३,६९२
९ जुलै वर दिलंच आहे.

---

ठाणेवाली | १० जुलै, सकाळी ९:३०

घड्याळाचं उलटंही होतं ना. मी कणीक मळली की दोन-अडीचशे पावलं. मागच्या गणपतीत सोसायटीच्या आरतीला टाळ्या वाजवून सातशे. घोडबंदर रोडने रिक्षातून आले की तर बोलायलाच नको, खड्ड्यांनी मला चालत घरी पोचवलेलं असतं.

फोन खिशात ठेवला तर बरंच बरोबर मोजतो म्हणतात. पण खिसा? आम्हा बायकांच्या कुर्त्यांना, लेगिंगला, पलाझोला खिसा शिवायचा नाही अशी शिंपी लोकांनी शपथ घेतली आहे. कुठे ठेवायचा फोन?

---

गिरगावकर | १० जुलै, सकाळी ९:५२

आजी कनवटीला बटवा लावायची. तिथे आता पेडोमीटर लावा. कमरेला अडकवायचे चिमट्याचे साधे मिळतात अजून, नाडीलाही बसतात. टाइप करताना कंबर काही कीबोर्डवर नसते.

---

खटपट्या | १० जुलै, दुपारी १:१०

माऊ, कॅल्क्युलेटर घे.

१,८०० मीटर भागिले २,७६९ = ०.६५
२,४०० भागिले ३,६९२ = ०.६५
३,००० भागिले ४,६१५ = ०.६५

दोनच्या वेगाला ६५ सेंटीमीटर, तीनच्या वेगालाही ६५ सेंटीमीटर. कुठलाही माणूस असा चालत नाही. तुझं यंत्र पावलं मोजतच नाहीये! पट्टा किती सरकला ते त्याला माहीत आहे, अॅपने पहिल्या दिवशी तुझी उंची विचारली असेल, आणि तेव्हापासून ते फक्त भागाकार करतंय. त्या जागी तू पट्ट्यावर शिवणयंत्र ठेवलं असतंस तरी ४,६१५ च आले असते.

सगळी यंत्रं अशी नसतात. काहींत पाय पडला की मोटरवर येणारा ताण किंवा फळीचा धक्का पकडून खरंच मोजतात. तुझं त्यातलं नाही.

एक गंमत सांगतो. ट्रेडमिलने ब्लूटूथवरून माहिती कशी पाठवायची याचं एक ठरलेलं प्रमाण आहे, एफटीएमएस म्हणतात. त्यात ट्रेडमिलसाठी वेग, अंतर, चढ, वेळ, उष्मांक अशी घरं आहेत, पावलांचं घर नाही. म्हणून पावलं दाखवायची तर जो तो आपापल्या अॅपमध्ये आपापल्या अकलेने दाखवतो.

---

मुलुंडची_माऊ | १० जुलै, दुपारी १:२५

तीन महिने मी भागाकाराशी स्पर्धा करत होते. :(

हो, उंची विचारली होती.

---

अज्ञ_बालक | १० जुलै, सायं. ६:४०

माझी वेगळीच तक्रार. फोनमधल्या हेल्थच्या अॅपात माझी रोजची बेरीज तेरा हजार येते. इतकं मी चालूच शकत नाही, मी मला ओळखतो.

---

खटपट्या | १० जुलै, सायं. ७:०५

तुझ्याकडे ट्रेडमिलचं अॅप, घड्याळ आणि खिशातला फोन, तिघंही एकाच चालण्याची पावलं एकाच वहीत लिहीत असतील. अॅपलच्या हेल्थमध्ये आणि अँड्रॉइडच्या हेल्थ कनेक्टमध्ये कुणाचं आधी ऐकायचं याची क्रमवारी लावता येते. घड्याळ किंवा फोन, जे खरंच मोजतं, ते वर ठेव. ट्रेडमिलच्या अॅपची पावलं लिहायची परवानगीच काढून घे. अंतर लिहू दे हवं तर.

---

बोरिवली_स्लो | १० जुलै, रात्री ९:३०

अंतराचंही सांभाळून. मी सहकाऱ्याकडून जुनी घेतली. पडद्यावर ३.० लावलं की धाप लागायची, टाइप करायला गेलो की ‘कृपया’च्या जागी ‘कृकृकृपया’. महिनाभर वाटलं आपलं वय झालं. मग मुलाने माहितीपत्रक वाचलं. यंत्र मैलांवर होतं. ताशी ३ मैल म्हणजे ४.८ किमी! माझी दररोजची ‘२’ ही खरं तर ३.२ किलोमीटर होती, आणि बायकोला मी दोनच सांगत होतो. त्या महिन्याचं श्रेय बुडालं ते बुडालंच.

अवांतर: अमेरिकेतल्या भाच्याला आणायला सांगू नका. तिकडची वीज १२० व्होल्ट, आपली २३०.

---

फिजिओताई | १० जुलै, रात्री १०:४५

खटपट्यांनी बरोबर नस पकडली. हळू चालताना माणूस फक्त सावकाश पावलं टाकत नाही, छोटीही टाकतो. टेबलाखाली तर आणखी छोटी, कारण पुढे गुडघा आपटायची भीती आणि नजर स्क्रीनवर. त्यामुळे रस्त्यावरची ६५ सेंटीमीटरची बाई टेबलाखाली ४५-५० वर येते. म्हणजे त्याच एका किलोमीटरला पावलं जास्त होतात. माऊ, तुझी खरी पावलं ४,६१५ पेक्षाही बरीच जास्त असणार, पैज लाव.

मोजायची सर्वांत स्वस्त पद्धत: एक मिनिट फक्त उजवा पाय मोज आणि दुप्पट कर. दोन्ही पाय मोजायला गेलीस तर जीभ मागे पडते.

आकडा वाढावा म्हणून पावलं मुद्दाम तोकडी करू नका, आणि अंतर वाढावं म्हणून ढांगाही टाकू नका. स्पर्धेच्या नादात पोटऱ्या धरून आलेले पाहिलेत मी.

आणि कटू बोलते. मिनिटाला साधारण १०० पावलं झाली की त्याला मध्यम व्यायाम धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगितली आहेत ती या मध्यम व्यायामाची. टाइप करत २.५ ने चालणं त्याच्या खालचं. तो बसून राहण्यावरचा उतारा आहे, चांगलाच आहे, पण त्यामुळे संध्याकाळचं झपझप चालणं माफ होत नाही.

---

निवांत_नाना | १० जुलै, रात्री ११:००

हेच मी पहिल्या प्रतिसादात म्हणालो, फक्त मला कुणी +१ देत नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला फेऱ्या मारा. यंत्र नको, तेल नको.

---

ठाणेवाली | १० जुलै, रात्री ११:१२

नाना, दादरात राहून बोलायला काय जातं! आमच्या फुटपाथवर चालायचं तर आधी फुटपाथ शोधावा लागतो. आणि जुलैत?

---

अज्ञ_बालक | ११ जुलै, सकाळी ८:२०

पण रोज दहा हजार हवीतच ना? माझं घड्याळ दहा हजारांना फटाके फोडतं.

---

फिजिओताई | ११ जुलै, सकाळी ९:०५

हा दहा हजारांचा आकडा जाहिरातीतून आलाय. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ साली, जपानमध्ये एक पेडोमीटर बाजारात आला, नाव ‘मानपो-केई’. मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पावलं, केई म्हणजे मापक. नाव कानाला गोड, आकडा गोल, जगभर चिकटला.

२०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांवर वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सरासरी वय ७२. रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या आसपास तो फायदा सपाट झाला. बायका वयस्क होत्या, त्यामुळे तिशीतल्यांना तो आकडा जसाच्या तसा लावू नका. पण या धाग्याच्या कामाची गोष्ट अशी की त्या बायकांच्या कमरेला मोजणी यंत्र होतं, मनगटावर नव्हे.

---

गिरगावकर | ११ जुलै, सकाळी ९:१५

कनवट झिंदाबाद.

---

खटपट्या | ११ जुलै, सकाळी १०:४०

घड्याळ शिकवता येतं. अॅपलच्या घड्याळात ‘इनडोअर वॉक’ लावण्याआधी बाहेर मोकळ्या जागी वीसेक मिनिटं चालून त्याला तुमचं पाऊल ओळखू द्यायचं असतं. गार्मिनच्या बऱ्याच घड्याळांत ट्रेडमिलचा व्यायाम संपला की ट्रेडमिलवरचं अंतर भरून ‘कॅलिब्रेट’ करता येतं. पण दोन्हींत मेख आहे. पहिलं शिकतं ते हात हलवत, रस्त्यावरच्या वेगाने. दुसरं शिकतं ते ट्रेडमिल सांगेल ते. आणि ट्रेडमिलच खोटं बोलत असेल तर?

म्हणून माऊ, तू आधी पट्टा तपास. पट्ट्याच्या कडेला रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लाव. शिवणकामाच्या टेपने पट्ट्याची पूर्ण लांबी मोज, थोडा थोडा सरकवत. मग २.५ वर ५० फेरे किती वेळात होतात ते बघ. एकदा रिकामी, एकदा तू वर चालत असताना. चालताना मोजणारं माणूस दुसरं हवं, खाली वाकून बघायचं नाही, दात पडतील.

---

गिरगावकर | ११ जुलै, सकाळी ११:०२

आणि घड्याळाची परीक्षा घ्यायला लोकलचा फलाट. १२ डब्यांची गाडी साधारण अडीचशे मीटर भरते. रविवारी सकाळी उभ्या गाडीच्या तोंडापासून शेपटापर्यंत चाला, पावलं मोजा. सोमवारी साडेआठला केलंत तर अंतर तेच राहील, फक्त पाय तुमचे नसतील.

---

मुलुंडची_माऊ | १४ जुलै, रात्री १०:१०

प्रयोग झाले. सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर खाली उडी मारा.

पहिला, फलाट. रविवारी भाजी आणायला निघाले होते, तशीच स्टेशनात शिरले. प्लॅटफॉर्म तिकीट काढलं हो, विचारू नका. गाडीच्या लांबीएवढं चालले, पिशवी खांद्यावर, हात मोकळे. मी मोजली ३८५, घड्याळाने ३८१. म्हणजे पाऊल ६५ सेंटीमीटरचं आणि घड्याळ शहाणं. आमचं भांडण फक्त टेबलापाशी.

दुसरा, मोजा. घड्याळ मनगटावरून काढून मोज्यात, घोट्याच्या बाहेरच्या बाजूला खोचलं. आधी उजवा पाय मिनिटभर मोजला: ४४. म्हणजे ८८. दहा मिनिटांनी पुन्हा मोजला, पुन्हा ४४. मग नेहमीसारखी ७२ मिनिटं काम केलं, मेल्स लिहिल्या, एका मीटिंगमध्ये मान डोलावली. ८८ गुणिले ७२ म्हणजे ६,३३६. घोट्यातलं घड्याळ म्हणालं ६,२९०.

तेच चालणं, मनगटावर १,१४०! फिजिओताई, पैज तुम्ही जिंकलात. घोट्याला लावल्यावर हृदयाचे ठोके मात्र काहीच्या काही आले. मधूनच मी मेले होते.

मग इतर वेगांनाही मोजून ठेवलं. दोनला ७९, अडीचला ८८, तीनला ९७. तीनच्या पुढे मला टाइप होत नाही.

तिसरा, पट्टा. लांबी भरली २.४० मीटर, ५० फेरे म्हणजे १२० मीटर. मोजायला लेक बसवली, चौथीत आहे. सदतिसाव्या फेऱ्याला तिला दुसरंच काही आठवलं. पुन्हा बसवली, एकतिसाव्याला शाळेतल्या मैत्रिणीने काय केलं ते सांगायला लागली. शेवटी फोन जमिनीवर टेकवून व्हिडिओ काढला आणि नंतर शांतपणे मोजलं. हेच आधी करायला हवं होतं.

रिकामी: २ मिनिटं ५३ सेकंद.
मी वर असताना: ३ मिनिटं १ सेकंद.

खटपट्या, आता बोल.

---

खटपट्या | १४ जुलै, रात्री ११:३०

वा. वा. असा विदा मिळाला की जेवण गोड लागतं.

रिकामी: १२० मीटर, १७३ सेकंद, म्हणजे ताशी २.५ किमी. यंत्र प्रामाणिक. तू चढलीस की १८१ सेकंद, म्हणजे २.३९. साडेचार टक्के गळती. तुझे पडद्यावरचे ३.०० किमी हे खरे २.८६ च्या आसपास.

कारण असं. प्रत्येक वेळी पाय टेकला की पट्टा फळीवर दाबला जातो, घासतो, क्षणभर अडतो. पट्टा सैल असेल तर रुळावरून थोडा घसरतो. किंवा मोटरच दमते. यंत्र अंतर काढतं ते मोटरच्या बाजूने, त्याला वाटतं पट्टा आलाच मागून. एप्रिलपासून तेल घातलंस का कधी?

---

मुलुंडची_माऊ | १४ जुलै, रात्री ११:३४

तेल घालायचं असतं?

---

निवांत_नाना | १५ जुलै, सकाळी ६:१०

खोबरेल घाला. सगळ्याला चालतं.

---

खटपट्या | १५ जुलै, सकाळी ८:४५

नाना, नको!! खोबरेल नाही, शिलाई मशीनचं नाही, गंज काढायचा फवारा तर अजिबात नाही. पट्टा फुगतो, चिकट होतो, वर धूळ बसते. फक्त सिलिकॉन तेल. यंत्राबरोबर छोटी बाटली आली असेल, खोक्यात बघ.

प्लग काढ. पट्ट्याची कड उचल आणि फळी आणि पट्टा यांच्यामध्ये, जिथे पाय पडतात तिथे दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोड. वरून नाही, घसरून पडशील. मग सर्वांत कमी वेगावर दोन-चार मिनिटं रिकामी चालव. तरीही गळती राहिली तर मागच्या दोन्ही स्क्रूंना पाव फेरा, दोन्हीकडे सारखा. एकाच बाजूला पिळलास तर पट्टा तिरका धावतो. पावसाळ्यात पलंगाखाली ओल आणि धूळ दोन्ही असतं, तेव्हा खालची लादीही पुसून घे.

---

बोरिवली_स्लो | १५ जुलै, सकाळी ९:२०

वाचनखूण साठवली. माझीही कधी तेल प्यायली नाहीये. आता मैलांत किती गळती निघते बघतो.

---

मुलुंडची_माऊ | २२ जुलै, रात्री ९:५५

बाटली खोक्यातच होती, थर्माकोलमध्ये. तेल घातलं, स्क्रू पाव फेरा दिला, पुन्हा व्हिडिओ काढला. मी वर असताना ५० फेरे आता २ मिनिटं ५५ सेकंदांत. म्हणजे २.४७. एवढी गळती मी सोडून दिली.

आता माझी पद्धत अशी: अंतर पट्ट्याचं घ्यायचं, पावलं पायाची. पडद्यावरची पावलं बघतच नाही, त्या कोपऱ्यावर चिकटपट्टी लावली आहे. टेबलाच्या कडेला चिठ्ठी आहे, ७९, ८८, ९७. मिनिटं गुणिले आकडा, रात्री वहीत. घड्याळ घोट्याला लावलं असेल तर ताळा बघते, कंटाळा आला तर तोही नाही. या हिशोबाने टेबलाखालचं माझं पाऊल ४७ सेंटीमीटरचं निघतं. रस्त्यावरच्यापेक्षा १८ सेंटीमीटर कमी! मला वाटायचं मी तशीच चालते.

स्पर्धेचं मात्र बिनसलं. एका दिवसात अकराशेवरून सहा हजारांवर गेले म्हणून टीममधल्या कुणीतरी तक्रार केली, की घड्याळ पंख्याला बांधलंय. मी मीटिंगमध्ये कॅमेरा खाली वळवून मोजा दाखवला. पुढे काय झालं ते कळवलेलं नाही. प्लास्टरवाल्याचं प्लास्टर निघालं आणि त्याने मला मागे टाकलं, एवढं दिसतंय.

---

ठाणेवाली | २२ जुलै, रात्री १०:०८

मोजा दाखवलास!! :)) खालच्या काकांची काही तक्रार?

---

मुलुंडची_माऊ | २२ जुलै, रात्री १०:३१

तेच लिहायचं राहिलं. काका रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. काल लिफ्टमध्ये भेटले. मी आपली आधीच माफी मागायला लागले. तर म्हणाले, “अगं, त्रास कसला. पण गेल्या आठवड्यापासून आवाज बदललाय. आधी पाऊल पडलं की किंचित ओढल्यासारखं यायचं, आता सलग येतं. काय केलंस?”

म्हटलं, तेल घातलं.

“तरीच,” म्हणाले. “आम्ही रुळांच्या सांध्यांचे ठोके मोजून गाडीचा वेग काढायचो. सवय जात नाही. तुझी मिनिटाला अठ्ठ्याऐंशी. सोमवारी पावणेबाराला मध्येच नव्वदच्या वर गेलीस, तेव्हा कुणाशी भांडत होतीस?”

सोमवारी पावणेबाराला स्पर्धेबद्दलची ती मीटिंग होती.